व्होनीची रेकॉर्ड आणि माझा उजवा पाय

मेम्फिस, १९७३

रविवार, ४ मार्च

ही वही अर्लीनची. नवीन वर्षाला तिने हौसेने घेतली आणि आठ जानेवारीपर्यंत लिहिली. नऊला ती गेली. इतकी कोरी पानं वाया घालवणं मला पटत नाही, म्हणून आजपासून मी लिहिते. तिच्या पानांना पिना मारून टाकल्या, म्हणजे चुकून उघडायला नकोत.

आम्ही तिघी बहिणी. मी ओझेला थोरली, अर्लीन मधली, व्होनी शेंडेफळ. लहानपणी चर्चमध्ये तिघी मिळून गायचो. व्होनी वरच्या आवाजात, अर्लीन मधल्या, मी खालच्या. पुढे व्होनीला बाहेरच्या गाण्यांचा नाद लागला, प्रेमाबिमाची गाणी, आणि तिला सांभाळायला म्हणून अर्लीन तिच्यामागे उभी राहून गायला लागली. मी मात्र देवाच्या दारात राहिले. अक्षरशः दारात. पांढरे हातमोजे घालून कोणाला कुठल्या बाकावर बसवायचं हे ठरवणाऱ्या सेविकांची मी अकरा वर्षं प्रमुख आहे. बाहेरचं गाणं गेल्या वीस वर्षांत ओठांवर येऊ दिलेलं नाही.

व्होनीची मोठी रेकॉर्ड अर्धी झाली होती तेव्हा अर्लीन गेली. तेव्हापासून व्होनी स्टुडिओत पाऊल टाकत नाही. कंपनीने ईस्टरच्या सोमवारपर्यंत मुदत दिलीय. तेवीस एप्रिल. तोवर दहा गाणी हातात पडली नाहीत तर ते नाद सोडणार, आणि बेचाळिसाव्या वर्षी व्होनीला दुसरं कोण उभं करणार? तेव्हा तिला सावरायचं काम माझ्याकडे आलं. मी खंबीर आहे. अर्लीनच्या मातीला सगळं चर्च रडलं, मी फुलं मोजून घेत होते. अजून डोळ्यांतून टिपूस काढलेलं नाही.

अर्लीनचे रविवारचे ब्लाउज धुऊन इस्त्री करून ठेवले. कपडा तसाच राहिला की पिवळा पडतो.

मंगळवार, ६ मार्च

व्होनी म्हणते, तू बरोबर आलीस तरच मी स्टुडिओत जाईन.

मी म्हटलं, "मी? त्या ठिकाणी? तिथे माणसं दिवसाढवळ्या नको ती गाणी गातात."

"तू गाऊ नकोस. नुसती कोपऱ्यात बस. मला एकटीला तिथे गुदमरल्यासारखं होतं गं."

नाही कशी म्हणणार? पण मंगळवार आणि गुरुवार दुपारी चर्चमध्ये सेविकांची तालीम असते आणि ती मीच घेते. रेव्हरंड टिलमन यांना फोन करून सांगायचं तरी काय? तोंडातून निघून गेलं, "पायाच्या डॉक्टरकडे जावं लागतंय." त्यांनी विचारलं, कुठला पाय? मी म्हटलं, उजवा. आजवर कधी खोटं बोलले नाही, त्यामुळे पुढचं काही ठरवून ठेवलं नव्हतं. पण पहिल्याच खेपेला बरं जमलं.

गुरुवार, ८ मार्च

स्टुडिओ म्हणजे जुनी लाँड्री. अजून साबणाचा वास येतो, तेवढाच काय तो स्वच्छपणा. आत गेले तर ऑर्गनवर कोण? ह्यूबर्ट! दर रविवारी आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा ह्यूबर्ट. आठवडाभर तो इथे वाजवतो हे अख्ख्या गावाला माहीत आहे आणि अख्खं गाव त्याला माफ करतं. वाजवणाऱ्यांना सगळं माफ असतं. दारावर उभं राहणाऱ्या बाईला नसतं.

त्याने टोपी काढली. "या सिस्टर ओझेला. पाय कसा आहे?"

म्हणजे दोन दिवसांत त्याच्या कानावर गेलं होतं. मी म्हटलं, रविवारी तोंड उघडलंस तर बघ. तो म्हणाला, माझं तोंड माझ्या बोटांत असतं. मग माझ्यासाठी एक खुर्ची आणून तिच्यापुढे पायाखाली घ्यायला उशी ठेवली. माणूस चावट आहे. उशी मात्र चांगली होती.

व्होनी गायलीच नाही. ऑर्गनशेजारी उभी राहून नुसती गुणगुणली आणि दर दहा मिनिटांनी माझ्याकडे बघून गेली. पोर फार खचलीय.

रविवार, ११ मार्च

देवा, काय करून बसले!

सकाळी दारावर उभी राहिले तर रेव्हरंड टिलमन स्वतः आले, माझा दंड धरून मला तिसऱ्या बाकावर नेऊन बसवलं. पाय बरा होईपर्यंत दारावर उभं राहायचं नाही म्हणाले. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा बाकावर बसले. दारावर असलं की प्रार्थनेच्या सुरुवातीला मी कायम बाहेरच्या ओसरीत असते, उशिरा येणाऱ्यांना थोपवून धरत. आत काय चालतं ते कधी ऐकलंच नव्हतं.

आत आजाऱ्यांची यादी चालते. मदर रॉक्सी, वय एक्याण्णव, आमच्या चर्चची सगळ्यात जुनी बाई, उभी राहते आणि वहीतून नावं वाचते. कोणाला काय झालंय ते वाचत नाही, देवाला ठाऊक आहे म्हणते. नुसती नावं. चौथं नाव माझं. सगळे एका सुरात म्हणाले, "सांभाळ रे बाबा."

पाच दिवसांत यादीत! बातमी पसरायला या चर्चइतकी वेगवान जागा जगात नसेल. आणि वर ह्यूबर्ट. माझं नाव आलं तसा त्याने ऑर्गनवर खालून एक हुंदक्यासारखा सूर काढला आणि छताकडे बघत राहिला. पुढच्या बाकावरची एक बाई डोळे पुसायला लागली. मला बाकाखाली शिरावंसं वाटलं.

निघताना सगळे बघत होते म्हणून लंगडले. बाहेर पडल्यावर व्होनी कानात म्हणाली, "उजवा सांगितला होतास ना? मग डावा कशाला ओढतेस?"

मंगळवार, १३ मार्च

घरात तीन केक, रताळ्याचं सारण भरून भाजलेला एक गोड 'पाय' आणि डुकराच्या हाडात शिजवलेली पालेभाजी येऊन पडलीय. सगळं माझ्या पायासाठी. खाल्लं. पापाचं अन्न इतकं चविष्ट लागेल असं वाटलं नव्हतं.

आज व्होनीने एक गाणं धरलं. मागे गायला दोन तरुण पोरी ठेवल्यात, हनुवट्या वर आणि स्कर्टही वर. मधल्या सुराची वाट लावत होत्या. मी कोपऱ्यातूनच सांगितलं की तिथे श्वास घ्यायचा नसतो, अर्लीन तिथे कधीच श्वास घेत नाही. एक पोर म्हणाली, मग गाऊन दाखवा. मी म्हटलं, मी बाहेरची गाणी गात नाही. पण शिकवायला म्हणून दोन ओळी गुणगुणले. गुणगुणणं म्हणजे गाणं नव्हे.

व्होनी काचेपलीकडून माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते. फार हळवी झालीय.

रात्री व्होनी जेवायला थांबली, मांसाचे तीन चॉप तळले. एक उरला, तो दुसऱ्या दिवशी कामाला येतोच.

गुरुवार, २२ मार्च

आज मला जाता आलं नाही. चर्चमध्ये एका म्हाताऱ्याची माती होती आणि मागे जेवणाचं बघायचं होतं, लंगडत का होईना. संध्याकाळी व्होनी घरी आली तर म्हणाली, दोन गाणी झाली. जेवल्यावर सुरू केली, चार वाजता संपलीसुद्धा.

म्हणजे मंगळवारी मी जी मेहनत घेतली ती गुरुवारी फळाला आली. मी असते तर तीन झाली असती.

गुरुवार, २९ मार्च

मी गेले. व्होनीने दिवसभरात एक ओळ नीट गायली नाही. सारखी थांबते, सारखी म्हणते, "झेला, इथे खालचा सूर कसा होता गं? जरा म्हणून दाखव." तोंडाने सांगते तर म्हणते, असं कळत नाही. मग म्हणून दाखवावं लागतं. आज चांगल्या पंधरा ओळी म्हणून दाखवल्या. ह्यूबर्ट मुद्दाम हळू वाजवतो आणि मग अर्धवट थांबतो, म्हणजे पुढचं माझ्या तोंडून आपोआप निघतं.

घरी येताना व्होनीने विचारलं, रात्री झोपतेस ना गं? तिला स्वतःला झोप येत नसणार, म्हणून दुसऱ्याची चौकशी. मी सांगितलं, चार-चार वेळा उठते, पण ते अर्लीनच्या खोलीची खिडकी बघायला. वारा आला की तिला सर्दी होते.

व्होनी गाडी चालवत होती. पुढच्या चौकात हिरवा दिवा लागला तरी तिने गाडी काढली नाही.

रविवार, १ एप्रिल

यादीत अजून चौथीच. वरच्या तिघांपैकी एक तर खाटेवरून उठलेला नाही आणि त्याच्या पंक्तीला माझा धडधाकट पाय. "सांभाळ रे बाबा" ऐकताना अंगावर काटा आला. रेव्हरंडांचं आजचं प्रवचन खोट्या साक्षीवर होतं. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

बाहेर मदर रॉक्सीने माझा हात धरला. मी घाईघाईने म्हटलं, आता पुष्कळ बरं आहे. ती म्हणाली, "घाई करू नकोस पोरी. असलं दुखणं लवकर जात नाही." एक्याण्णव वर्षांची बाई, तिला पायांचं कळणारच.

मंगळवार, १० एप्रिल

नऊ गाणी झाली. दहाव्यावर आमचं भांडण झालं.

गाणं व्होनीचं स्वतःचं आहे, नाव 'मधली जागा'. लहानपणी आम्हा तिघींना मिळून एकच पलंग होता. मी भिंतीकडे, व्होनी कडेला, अर्लीन मध्ये, कारण तिला थंडी फार वाजायची. गाण्यात तेच आहे, दोघी दोन कडांना आणि मध्ये जागा. असलं काही चारचौघांत गायचं नसतं असं माझं मत, पण मला विचारतं कोण?

तर व्होनीचं म्हणणं, या गाण्यात त्या पोरी नकोत. वरचा आवाज ती लावणार, खालचा मी लावायचा, आणि मधला कोणीच लावायचा नाही.

मी म्हटलं, "मधला आवाज नसेल तर गाणं फाटकं दिसेल. लोक म्हणतील, यांना माणूस मिळालं नाही."

"खरंच मिळालेलं नाही, झेला."

"मी शोधून आणते ना."

"आण."

आणि मी बाहेरची गाणी गात नाही, हेही तिला बजावलं. पण तोवर ती निघून गेली होती.

मंगळवार, १७ एप्रिल

आठवड्यात पाच जणी नेल्या. एक आमच्या चर्चच्या गायनातली, तिला शपथ घालून नेलं. एक शाळेत गाणं शिकवणारी. एकीचा आवाज तर खरंच गोड होता, नुसता ऐकला असता तर मीही वाहवा केली असती. पण मधे उभी राहून गायला लागली की मला राग येतो. सूर बरोबर असतो तरी राग येतो. पाचवीला मी म्हटलं, तू फार नाकात गातेस. ती बिचारी मुळीच नाकात गात नव्हती.

ह्यूबर्टने ऑर्गन बंद केला. माझ्याजवळ येऊन बसला आणि या खेपेला चावटपणा केला नाही. म्हणाला, "सिस्टर, बाकीची नऊ गाणी मार्च संपायच्या आत तयार होती. व्होनी या एकासाठी थांबलीय. हे झाल्याशिवाय ती टेप कंपनीला देणार नाही. मी समजावून थकलो."

मी म्हटलं, मार्चमध्ये? मग आम्ही मंगळवार-गुरुवार इथे येऊन काय करत होतो?

तो म्हणाला, ते तिलाच विचार. मी विचारलं नाही. सोमवारपर्यंत टेप गेली नाही तर सगळं संपलं, आणि ही बया हट्टाला पेटलीय. लहानपणापासून अशीच. अर्लीनने लाडावून ठेवली.

शनिवार, २१ एप्रिल

जमेल तसं लिहिते.

सकाळी अर्लीनचे ब्लाउज इस्त्रीला काढले होते, तेवढ्यात व्होनी आली. इस्त्रीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, चल. उद्या ईस्टर, परवा मुदत. मी म्हटलं, ठीक आहे, एकदाच. देव मला काय म्हणायचं ते म्हणेल. पाच जणींपेक्षा तो परवडला.

दोघी समोरासमोर उभ्या राहिलो. ह्यूबर्टने सुरुवात करून दिली. व्होनीने वरचा सूर घेतला, मी खालचा. वीस वर्षांनी गात होते, आणि आवाज तिथल्या तिथे होता, मीच चकित झाले. दुसऱ्या ओळीला व्होनीने हात वर केला. थांबा.

"झेला, वर चढलीस तू."

मी म्हटलं, मुळीच नाही. काचेपलीकडच्या टेपवाल्यांनी टेप लावून दाखवली. खरंच चढले होते. दुसरी ओळ आली की मी खालची जागा सोडून सरळ अर्लीनच्या सुरावर जात होते. आम्ही चर्चमध्ये शिकलेल्यांची ती सवयच आहे. शेजारचीचा आवाज फसला की जी जवळ असेल तिने पटकन तिची जागा भरायची, म्हणजे बाकांवरच्यांना कळतसुद्धा नाही. अर्लीनला खोकल्याची उबळ आली की मी तिची जागा भरायची. अंगात मुरलंय ते.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा चढले. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, सातव्यांदा. जीव तोडून खाली राहायचं ठरवते आणि ती ओळ आली की गळा वर जातो. काचेपलीकडची माणसं घड्याळं बघायला लागली. मला घाम फुटला. मी म्हटलं, माझ्याच्याने होत नाही, त्या पोरींना बोलावा.

व्होनीने कानावरचे हेडफोन काढले, जवळ आली आणि माझे दोन्ही हात धरले. एवढीशी होती, तेव्हा रस्ता ओलांडताना मी तिचे असे धरायची.

"खाली ये, झेला. ती जागा रिकामी राहू दे."

"रिकामी कशी ठेवू? ती काय म्हणेल?"

"ती काही म्हणणार नाही. ती गेली, झेला."

एवढंच बोलली. हे मला माहीत नव्हतं का? शवपेटी मीच निवडली, तिच्या अंगावरचा ब्लाउजसुद्धा मीच. पण ते असं समोर उभं राहून मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी फुलं मोजत असेन.

आठव्यांदा सुरू केलं. ती ओळ आली, आणि मी खालीच राहिले. व्होनी वर, मी खाली, आणि मध्ये कोणी नाही. इतकी मोठी जागा. आयुष्यात असं काही ऐकलं नव्हतं. पलंगाच्या मध्ये हात घातला आणि गादी गार लागली, असं झालं. मी ओळ पुरी केली, कडवं पुरं केलं, गाणं पुरं केलं, आणि मग खाली बसले, लाँड्रीच्या फरशीवर, आणि रडले. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, जशी मातीला बाकीच्या बायका रडतात तशी. माझी बहीण गेली. माझी अर्लीन गेली, आणि मी साडेतीन महिने तिचे कपडे इस्त्री करत बसले होते.

व्होनी माझ्याशेजारी फरशीवर बसली होती. ती रडत नव्हती. माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि त्या हाताला ते काम नवीन नव्हतं. किती दिवस ती मला सांभाळत होती, कोणास ठाऊक. मला वाटत होतं, मी तिला सांभाळतेय.

सोमवार, २३ एप्रिल

टेप गेली. व्होनी आणि ह्यूबर्ट स्वतः देऊन आले. कंपनीच्या माणसाने शेवटचं गाणं ऐकून विचारलं म्हणे, की मधला आवाज लावायचा राहिला का. व्होनी म्हणाली, नाही, तो तसाच आहे.

काल ईस्टरला उजवा पाय ओढत तिसऱ्या बाकावर जाऊन बसले. आता हे पुरे झालं. येत्या रविवारी उभी राहून सगळ्यांसमोर कबूल करणार. दारावरचं काम जाईल तर जाऊ दे.

रविवार, २९ एप्रिल

मदर रॉक्सी वही उघडायच्या आतच मी उभी राहिले. दोन्ही पायांवर, सारखा भार देऊन. सांगून टाकलं. माझा पाय जन्मापासून ठणठणीत आहे. मी रेव्हरंडांशी खोटं बोलले, सेविकांशी खोटं बोलले, तुमचे तीन केक खाल्ले. पायाच्या डॉक्टरकडे जाते म्हणून मी ह्यूबर्टच्या स्टुडिओत जात होते, आणि तिथे मी बाहेरचं गाणं गायले. आठ वेळा. तेव्हा माझं नाव यादीतून काढा.

ह्यूबर्टने बोटं ऑर्गनवरून उचलून मांडीवर ठेवली. मग मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं आणि तिथून हसू पुढे पुढे येत गेलं. रेव्हरंड टिलमन यांनी रुमाल तोंडावर धरला होता. त्या सगळ्यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं! अर्थात. ह्यूबर्टची बोटं.

फक्त मदर रॉक्सी हसत नव्हती. तिने चष्मा लावला, वही मागे मागे उलटत नेली आणि विचारलं, "कुठला पाय?"

मी म्हटलं, "उजवा, मदर. पण तो दुखत नव्हताच."

"पायाचं तू मार्चमध्ये सांगितलंस. तुझं नाव मी चौदा जानेवारीला लिहिलंय." तिने बोट ठेवून दाखवलं. "अर्लीनच्या मातीच्या दुसऱ्या दिवशी. दर रविवारी वाचतेय. तू बाहेर ओसरीत असायचीस."

मी समोरच्या बाकाची पाठ धरली.

तिने पेन्सिल काढली आणि माझ्या नावावर टेकवली. आवाजात राग नव्हता, घाई नव्हती. "बरं वाटत असेल तर सांग, आत्ता खोडते. खोडू?"

सगळे माझ्याकडे बघत होते. व्होनी माझ्या शेजारीच होती, पण ती खाली बघत होती.

मी म्हटलं, नको मदर, अजून थोडे दिवस राहू दे.

तिने पेन्सिल उचलली आणि पहिल्यापासून नावं वाचायला घेतली.